झाडांच्या जागी आई

आमची ताई नसलेल्या इमारतींचे फोटो काढते, असं मी लोकांना सांगतो. ती चिडते. "फोटो नाही रे, चित्र." पण इमारतीचा पाया खणायच्या आधीच ताई ती अशी हुबेहूब दाखवते, की बघणाऱ्याला दार ढकलून आत जावंसं वाटतं. चित्रांतली माणसं ती आमच्या घरच्या फोटोंतून कापून घेते. जन्मात व्यायाम न केलेला मी कितीतरी बागांमधून धावतोय.

मला खरं कुतूहल तिच्या सूर्याचं. संगणकात जागा आणि वेळ भरली की सूर्य आपल्या खऱ्या ठिकाणी उगवतो. ताई मात्र त्याला हाताला धरून, इमारत देखणी दिसेल तिथं नेऊन उभा करते.

मग आमच्या समोरच्या मोकळ्या प्लॉटवरच्या उंच इमारतीचं काम नेमकं तिच्याकडे आलं. आई रोज सकाळी गॅलरीतल्या उन्हात गुडघे शेकते, तेव्हा कुठं दिवसभर हिंडूफिरू शकते. तिनं चष्मा लावून चित्र पाहिलं.

"यात आपलं घर कुठंय?"

"काढून टाकलं. आजूबाजूचं काढतातच, आई. तिथं झाडं टाकलीत."

"बरं. मग मी कुठं बसू?"

ताईनं चित्राची एक प्रत करून तीत आमची बुटकी इमारत परत आणली, सूर्य खऱ्या जागी ठेवला. गॅलरी पार सावलीत गेली. ते पाहून आर्किटेक्ट हळहळला, पण उंची नियमातच होती.

त्यानंतर ताई जेवतानाही पडद्यावर तो सूर्य फिरवत बसायची. एक दिवस तिनं गॅलरीच्या फरशीवर रंगानं चौकोन आखला. "इमारत झाली की आईची खुर्ची इथं. दुपारच्या चहाला."

"दुपारी सूर्य आपल्या पाठीमागे असतो, बाईसाहेब."

"समोर काचा बसणारेत."

आता हिचा सूर्य पूर्वेलाच मावळणार, म्हणून मी तिची यथेच्छ टिंगल केली.

इमारत चढली आणि सकाळचं ऊन गेलं. आई कुरकुरली नाही, पण जिना उतरायची बंद झाली. ताई तिच्या नजरेला नजर देईना. मला टिंगल केल्याचं वाईट वाटायला लागलं.

शेवटी काचा बसल्या. त्या दुपारी आईला चौकोनात बसवून आम्ही दोघं दाराशी थांबलो. आमच्या गच्चीवरून गेलेलं ऊन समोरच्या काचेवर आदळून परत फिरलं, कठड्यावरून आत उतरलं आणि हळूहळू आईच्या गुडघ्यांवर आलं.

आईनं गुडघा चाचपला. "पाणी घातलेल्या चहासारखं आहे. पण चालेल."

मग ती ताईकडे वळली. "आता त्या चित्रातली झाडं काढून टाक, आणि मला बसव तिथं."