एवढ्या कायद्यापुरती आई

माझ्या पायाला भिंगरी आहे असं सगळे म्हणतात. पण माझं सरपंचपद कोर्टात अडकलं तेव्हा त्या भिंगरीनं कहर केला. औरंगाबादच्या खंडपीठाच्या व्हरांड्यात मी इतक्या येरझारा घातल्या की दारावरचा शिपाई म्हणाला, "बाई, बसा जरा. तुमच्या चालण्यानं निकाल लवकर लागत न्हाई." मी बसले आणि लगेच उठले.

आमचं गाव चौसाळ्याजवळचं. गावात एसटीडीचा पहिला बूथ आला, घराघरात केबल आली, आणि त्याच सुमारास सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं. घरातल्या पुरुषांना वाटलं, ही सह्या करील आणि गप्प बसेल. सह्या केल्या, पण वाचून केल्या. ग्रामसेवक मला येताना बघून पान थुंकायच्या निमित्तानं बाहेर सटकायचा. मला ते पद फार आवडायचं. बायकांनी असं म्हणू नये म्हणतात, म्हणून मुद्दाम सांगते.

दोनपेक्षा जास्त अपत्यं असतील तर पंचायतीत बसता येणार नाही, असा कायदा तेव्हा नवा होता. मला दोन मुलगे. त्यांच्या पाठीवर, कायदा लागू झाल्यानंतर, एक मुलगी झाली होती. पण ती माझी नव्हती.

म्हणजे असं, की माझ्या मोठ्या जाऊबाईंना मूलबाळ नव्हतं. मला तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा एकदा भाकरी थापताना, माझ्याकडं न बघता त्या म्हणाल्या, "पोरगं होऊ दे न्हाईतर पोरगी, मला देशील का?" मी हो म्हणाले. दोन पोरांमागं धावून जीव मेटाकुटीला आला होता, आणि लेकरू तर एकाच घरात राहणार होतं. मुलगी झाली. तिचं अंगावरचं दूध सुटल्यावर चार माणसांदेखत मी तिला जाऊबाईंच्या ओटीत घातलं. बीडला जाऊन दत्तकपत्र रजिस्टर केलं. ती त्यांना आई म्हणू लागली आणि मला काकू. पहिल्यांदा काकू म्हणाली त्या दिवशी मी काही कारण नसताना दोन्ही पोरांना बदडलं.

निवडणूक यानंतरची. हरलेल्या बाईच्या नवऱ्यानं अर्ज ठोकला की सरपंचबाईला तीन लेकरं आहेत. गावात कुजबुज सुरू झाली, खुर्चीसाठी हिनं पोटची पोरगी देऊन टाकली. मुलगी दिली तेव्हा खुर्ची कुणाच्या स्वप्नातही नव्हती. त्या बोलण्याचा राग मला अजून येतो.

कलेक्टर कचेरीत हरलो, आयुक्तांकडं हरलो. खंडपीठात स्थगिती मिळाली म्हणून पद तेवढं टिकून होतं. वकीलसाहेब मूळचे केजचे, बोलताना सुपारी कातरायचे. त्यांनी मला समजावलं, "ताई, दत्तकाच्या कायद्यात सोपं हाय. दिलेलं लेकरू घेणाराचं, जन्म देणाराचं नातं तुटलं. पण पंचायतीच्या कायद्यात अपत्य असणं म्हंजे काय, ते कुठंच लिहिल्यालं न्हाई."

"असणं म्हणजे असणं. त्यात काय लिहायचं?"

"तसं न्हाई. कोर्ट बघतं, कायदा कशापायी केला. दत्तकाचा केला लेकराला घर मिळावं म्हणून. हा केला जन्म कमी व्हावेत म्हणून. एकाच शब्दाचा इकडं एक अर्थ निघतो, तिकडं दुसरा."

"मग माझ्या पोरीनं राहायचं कुठं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "ताई, कोर्टात असं माझी पोरगी म्हणू नका."

मग शपथपत्र तयार झालं. सदर मुलीशी माझा आई या नात्यानं काहीही संबंध उरलेला नाही, असा मजकूर असल्याचं त्यांनी सांगितलं. वाचल्याशिवाय सही न करणारी मी, तो कागद तेवढा न वाचता सही करून मोकळी झाले.

निकालाच्या दिवशी जाऊबाई हट्टानं माझ्याबरोबर आल्या, पोरीला कडेवर घेऊन. त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं. मला मात्र काय ऐकायचंय तेच कळेना. जिंकले तर पद राहणार होतं आणि मी तिची काकू आहे यावर कोर्टाचा शिक्का बसणार होता. हरले तर दोन्ही उलट. म्हणून त्या येरझारा.

आत सगळं इंग्रजीत चाललं. बाहेर आल्यावर वकीलसाहेबांनी सांगितलं. पद हिरावणारा कायदा शिक्षेच्या कायद्यासारखा आखडता वाचावा, ताणू नये, असं ते शेवटपर्यंत मांडत होते. न्यायमूर्तींना ते पटलं नाही. मूल दुसऱ्याला देऊन सुटका होणार असेल तर हा कायदा केलाच कशाला, असं त्यांचं म्हणणं पडलं. "जन्म तुमच्या पोटी, म्हणून अपत्य तुमचंच. पद गेलं, ताई."

जाऊबाई पुढं सरकल्या. "मंग पोरगी हिची?"

"फक्त या कायद्यापुरती. बाकी सगळीकडं ती तुमचीच हाय. कुणी नेत न्हाई तिला."

त्यांनी तेच पुन्हा विचारलं आणि वकीलसाहेबांनी तेच पुन्हा सांगितलं.

एसटीत आम्ही शेजारी बसलो, जाऊबाई खिडकीशी, पोरगी त्यांच्या खांद्यावर झोपलेली. गेवराई मागं पडली. मी खिडकीकडं बघत होते, म्हणजे खरं तर तिच्याकडं, तिच्या कपाळावर चिकटलेल्या केसांकडं. एका कोर्टानं सांगितलं होतं की ही माझी आहे. आयुष्यात इतकं मोठं काही हरल्यावर मला कधी इतकं बरं वाटलं नव्हतं.

"हरलीस," जाऊबाई म्हणाल्या, "अन् तोंड कशापायी असं खुललंय तुझं?"

"न्हाई वो जाऊबाई."

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. मग झोपलेल्या पोरीला माझ्याकडच्या खांद्यावरून उचललं आणि खिडकीच्या बाजूच्या खांद्यावर घेतलं. बीड येईपर्यंत हात भरून आला तरी त्यांनी तिला मला धरायला दिलं नाही, आणि मीही मागितलं नाही.