बघणाऱ्याचा वाटा

तोंडवलीच्या अंगणवाडीत शिरलात तर शेवंतीबाई पहिल्या नजरेला दिसायच्याच नाहीत. आधी दिसतील नऊ पोरं, मग अंगणभर वाळू, करवंट्या, शिंपल्या आणि सुंभाचे तुकडे. आणि मग कधीतरी लक्ष जाईल दाराच्या चौकटीला टेकून, हाताची घडी घालून उभ्या असलेल्या बाईंकडे. चोवीस वर्षं झाली, त्या तिथेच उभ्या आहेत.

आता उभं राहणं हे काय काम झालं, असं ज्याला वाटतं त्याने चार-चार वर्षांच्या नऊ पोरांत अर्धा तास गप्प राहून दाखवावं. घाम फुटेल. उद्या पोरांपुढे काय मांडायचं ते बाई आदल्या दिवशी घरी तांदूळ निवडताना ठरवतात. एकदा तीन मापांच्या करवंट्या आणि पाणी, एकदा लहानमोठी पानं. मांडायचं आणि बाजूला व्हायचं. पोर कुठे अडलं की त्यांचा हात शिवशिवतो, तो हात आवरणं हीच त्यांची विद्या. ‘मी हात घातला की खेळ माझा झाला,’ असं त्या सांगतात, आणि सांगताना जराही लाजत नाहीत. का लाजावं? त्यांच्या हाताखालून गेलेलं पोर पहिलीत घाबरून रडलंय, असं वाडीत अजून कोणी ऐकलेलं नाही.

अशा बाईंच्या दारात एका शुक्रवारी सकाळी गुरुदास येऊन उभा राहिला. त्याची नात सलोनी बाईंकडेच यायची. गुरुदास म्हणजे रापणीतला जुना जाणता. रापण हे किनाऱ्यावरून दोन्ही टोकांनी ओढायचं लांबलचक जाळं. अख्खी वाडी दोरीला लागते आणि मग वाळूवर मासळीचे वाटे पडतात. गुरुदासने हात वर केल्याशिवाय एकाही माणसाने कधी दोरी ओढली नव्हती. त्याचा शब्द वाडीत आजही खाली पडत नाही.

“बाई,” तो म्हणाला, “सोमवारपासून सलोनी गाडयेन इंग्रजी शाळेत जातली. नाव काढूचो कागद हाडलंय. चार म्हयने झाले, पाटयेर एक अक्षर नाय. पोरां खेळतत नि तुमी नुसती उबी रवतास. खेळाक घरचा खळा आसा.”

गुरुदासची नात गेली की त्याच्यामागून आणखी चार घरं पोरं काढणार, हे काय बाईंना कळत नव्हतं? उरलेल्या चौघांवर अंगणवाडी किती दिवस तग धरणार? आणि सलोनी! जूनमध्ये हीच पोर आईचा पदर सोडायला तयार नव्हती, तोंडातून शब्द नव्हता. जिभेवर आलेलं सगळं बाईंनी गिळलं.

“सही करतंय, काका,” त्या म्हणाल्या. “पण खेळ झाल्यार. पोरांक अर्ध्यातसून उठवूचा नाय. वायच थांबा.”

अंगणात रापणच चालू होती. बाईंचं जुनं पातळ हे जाळं, त्याला दोन्हीकडे सुंभ. वाळूत बाईंनी सकाळी मोजून छत्तीस शिंपल्या टाकल्या होत्या, ती मासळी. एका दोरीला चार पोरं, दुसरीला पाच, त्यामुळे पातळ पाचांकडे तिरपं झालं. बाई गप्प. सलोनीने जरा वेळ बघितलं, मग दोन मोठ्या पोरांना चौघांकडे ढकललं आणि तिथली सगळ्यात धाकटी पोर इकडे आणली. पातळ सरळ झालं. पायरीवर उभ्या गुरुदासचा हात सवयीने वर गेला. सलोनीने तो बघितला, “ओढा रे” म्हणाली, आणि नऊ पोरं मागे रेलली.

मासळी बाहेर आली. सलोनी वाटे घालायला बसली. नऊ पोरांचे नऊ आणि जाळ्याचा एक, असे दहा. याला एक, त्याला एक, अशा तीन फेऱ्या झाल्या आणि ती थांबली. हातात सहाच शिंपल्या, वाटे दहा. पुन्हा मोजल्या, तरी सहाच. तिने बाईंकडे बघितलं. बाईंचा हात असा शिवशिवला की त्यांनी तो काखेत दाबला.

“माजो वाटो खंय, गो?” गुरुदासने पायरीवरूनच विचारलं.

“तू दोरीक हात लावूक नाय,” सलोनी म्हणाली. “बाईनपण नाय. तुमकां वाटो नाय.”

पोरं हसली. गुरुदासला मात्र ते लागलं. “हात कसो लावतलंय? तीस वर्सां सुरूच्या झाडाखाली उबो रवान पाण्याचो रंग बघीत होतंय. बघणारो नसलो तर मासळी खंय आसा तां कोणाक समाजतला? बघणाऱ्याचो वाटो कोणी कधी चुकवूक नाय.”

सलोनीने हातातल्या सहा शिंपल्यांकडे बघितलं, मग आजोबांकडे, मग चौकटीकडे.

“मगे बाईपण बघीत होती,” ती म्हणाली. “ती रोजच बघता.”

गुरुदास पायरीवर टेकला. स्वतःच्याच तोंडाने बोलून बसला होता.

तोवर पोरीने वाटायला सुरुवात केली होती. आजोबाला एक, बाईंना एक. तीन फेऱ्या झाल्या आणि तिच्या हातात एकही शिंपली उरली नाही. तिने हात झटकले आणि ती पाणी प्यायला गेली.

चोवीस वर्षांत बाईंना खेळातला वाटा कधी मिळाला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते लपवावेत असंही त्यांना वाटलं नाही.

शिंपल्या ठेवायला गुरुदासने सदऱ्याच्या खिशात हात घातला तर हाताला सहीचा कागद लागला. तो काढून त्याने मांडीवर पसरला, त्यात आपल्या तीन शिंपल्या ठेवल्या आणि नीट पुडी बांधली.

“सोमवारी रापणीचो जुनो तुकडो धाडतंय सलोनीबरोबर,” तो बाईंना म्हणाला. “ह्यां पातळ फाटतलां.”