मामांचा मठ

राहत्या जागेबद्दल माझ्या थोरल्या मामांइतका आदर अख्ख्या करवीर संस्थानात कुणी बाळगला नसेल, आणि त्या आदरापायी घरातल्या माणसांचे इतके हालही कुणी केले नसतील. बरं, घर त्यांचं नव्हतंच. गगनबावड्याच्या वाटेवर एका सरदारांचा मळा आणि बंगला होता, मामा तिथले कारभारी. बंगल्याच्या जागी पूर्वी गोसाव्यांचा मठ होता, एवढंच गावाला ठाऊक होतं. बाकीचा मठ मामांनी एकट्यानं उभा केला. न्हाणीघर म्हणजे स्वामींची ध्यानाची खोली, असं त्यांनी ठरवलं, तेव्हापासून खुद्द सरदार विहिरीवर आंघोळ करू लागले. दिवाणखान्यात मोठ्यानं बोलायची सोय नव्हती, कारण तिथं म्हणे पोथी चालायची. शाहूवाडीकडचे एक पाहुणे भर उन्हात पायी आले, तर विहीर कुणी खणली हे सांगून होईपर्यंत मामांनी त्यांना त्याच विहिरीच्या काठावर तहानलेलं उभं ठेवलं. मी तेव्हा शाहूपुरीत एका अडत दुकानात नोकरीला होतो. सणावाराला मामांकडे जाई आणि इतिहासाची चाहूल लागली की उसात शिरे.

मागच्या अंगणात एक ओटा होता. ती मठाच्या मूळपुरुषाची समाधी, असं मामांचं म्हणणं. वीस वर्षं रोज सकाळी त्यांनी तिथं फुलं वाहिली. पुढं संस्थानात बड्या लोकांकडे मोटारी आल्या, तशी आमच्या सरदारांनीही एक घेतली, आणि मोटारखान्याला जागा पसंत पडली ती नेमकी हीच. मामा आडवे आले. म्हणाले, "सरकार, आदी मला गाडा, मग खांब गाडा."

सरदार मोठे सोशिक. "कारभारी, उकरून तर बघू," ते म्हणाले, "समाधी निघाली तर मोटार पावसात राहील."

गाव जमला, सणाला आलेला मीही होतो. ओटा फोडला आणि आतून निघालं चुलाण. ऐसपैस, मठाच्या पंगतीला पुरणारं, राखेनं भरलेलं. वीस वर्षं मामा चुलीच्या पाया पडत होते. गवंडी म्हणाला, "कारभारी, निवद दाखवायचा ऱ्हायला न्हवं?" सगळे हसले. सरदार हसले, मी तर सगळ्यांत जास्त हसलो. मामा रागावले नाहीत. खाली वाकून चिमूटभर राख त्यांनी कपाळाला लावली आणि पुटपुटले, "लई माणूस जेवून गेलं आसंल हितं." मी शेजारीच होतो म्हणून मला ऐकू आलं. चुलाण मोडून त्यावर मोटारखाना झाला.

त्यानंतर मामांनी कुणालाच मठ दाखवला नाही. कामं चोख करायचे, विचारलं तेवढंच बोलायचे. पाहुणे यायचे, चहा पिऊन जायचे. मला माझ्या त्या हसण्याची लाज वाटू लागली होती. दिवाळीला गेलो तेव्हा आपण होऊन त्यांच्याजवळ बसलो आणि मोटारखान्याकडे हात करून विचारलं, "मामा, हितं आदी काय होतं ओ?"



"हितं?" ते म्हणाले, "मोटार ठेवत्यात की."

आणि बैलांना वैरण टाकायला उठून गेले.