तुझा वार कोणता?

शनिवार, चोवीस जानेवारी, सकाळचे नऊ. साबुदाणा, भगर, शेंगदाणे आणि उपवासाचे बटाटे यांवर ऑगस्टपासून झालेला खर्च बाराशे साठ रुपये. हजर: मी, माझी बायको, माझी आई आणि हंगेरीहून शिकायला आलेली, आमच्या बारामतीच्या घरी राहणारी सोळा वर्षांची पाहुणी. हा सगळा खर्च साफ चुकीच्या समजुतीवर झाला होता, हे त्या सकाळी कळलं.

शाळेच्या अदलाबदलीच्या योजनेत आमची मुलगी वर्षभरासाठी तिकडे गेली आणि ही इकडे आली. शाळेत तिला पुस्तकी मराठी शिकवायचे, पण बोलायला ती माझ्या आईकडून शिकली. त्यामुळे बुडापेस्टची पोरगी मंडईत भाजीवाल्याला खडसावायची, "एवढं म्हाग न्हाय परवडत मला." भाजीवाला हातातलं वांगं तसंच धरून बघत राहायचा.

ऑगस्टमध्ये एकदा आईने तिला विचारलं, "पोरी, तुझा वार कोणता?"

आमच्याकडे हा साधा प्रश्न आहे. बायकोचा गुरुवार, आईचा सोमवार, माझा कुठलाच नाही, आणि त्यावरून मला अधूनमधून ऐकावं लागतं. पोरगी मात्र चपापली. मग हळूच म्हणाली, "शनिवार."

"मारुतीचा!" आई खूश झाली. दर शनिवारी पोरीपुढे साबुदाण्याची खिचडी येऊ लागली, वर दही आणि तळलेला बटाटा. ती इतक्या आवडीने खायची की आई म्हणायची, "बघा, परक्या मुलखातली पोर उपास धरती, आन आमचा ल्योक बघा." ल्योक म्हणजे मी.

चोवीस जानेवारीला मात्र तिने खिचडीचं ताट बाजूला सारलं आणि हसू लागली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

"आजी, शनवारी उपास करायचा न्हाय. मनाई हाय. मी काल रात्री वाचलं."

"मनाई? कुणाची मनाई?"

मग सगळं बाहेर आलं. तिची आजी ज्यू होती, हे तिला बाराव्या वर्षी कळलं. घरात त्यावर कुणी बोलत नसे. आजीकडून तिला एक बारीक साखळी मिळाली होती, तिच्यात सहा टोकांची चांदणी. निघताना तिच्या आईने बजावलं होतं, ही कपड्यांच्या आत ठेव, कुणाला काही सांगू नकोस. तिला स्वतःला दोनच गोष्टी माहीत होत्या: शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावतात आणि शनिवारी काम करत नाहीत. माझ्या आईने "तुझा वार कोणता" विचारलं तेव्हा तिला वाटलं, या देशात प्रत्येकाचा आपापला पवित्र दिवस असतो आणि लोक तो सहज विचारतात. तिला कुणी असं कधी विचारलंच नव्हतं. खिचडी म्हणजे तिच्या सणाचं खास पक्वान्न, असं ती समजून चालली होती.

"म्हंजी सण हाय व्हय त्यो?" आई कपाळाला हात लावून बसली. "आन मी लेकराला दर सणाला उपाशी ठिवलं?"

"उपाशी न्हाय आजी. लई खाल्लं मी."

"आत्ताच्या आत्ता पुरण घाल," आईने सुनेला फर्मावलं.

पोरीला मात्र वेगळीच काळजी लागली. पुढच्या शनिवारी इंदापूरला योजनेतल्या सगळ्या शाळांचा पालकमेळावा होता आणि तिला 'माझं घर, माझे सण' यावर मराठीत बोलायचं होतं. तिने नदीचे, पुलांचे आणि लाल मिरचीपुडीचे फोटो तयार ठेवले होते. आता ती म्हणाली, "काका, खरं सांगायचं तर हे बी सांगाय पायजे. पर कुणी काय इचारलं तर? मला काहीच येत न्हाय. मग मी कसली ज्यू?"

बायको पुरणाची डाळ निवडत होती, तिने वर न बघता उत्तर दिलं. "मी लग्न होऊन आले तेव्हा मला या घरचं काय येत होतं? देव्हाऱ्यातले देवसुद्धा ओळखू येत नव्हते. तरी पहिल्या दिवसापासून मी या घरची होतेच ना?"

पोरीने यावर बराच विचार केला असावा. दोन दिवसांनी तिने जाहीर केलं की एक शनिवार तरी पुरता पाळून बघायचा. बोलायचं की नाही ते तिथे ठरवेन. शनिवारी गाडीत बसायचं नाही, पैशाला हात लावायचा नाही. म्हणून आम्ही शुक्रवारीच इंदापूरला माझ्या बहिणीकडे मुक्कामी गेलो. मेळाव्याचं सभागृह तिच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर.

उरला पाव. तिला या सणाला लागतो तसा वेणी घातलेला पाव हवा होता, दोन नग. बहिणीच्या गल्लीतल्या बेकरीवाल्याला मी मोबाइलवर फोटो दाखवला.

"साहेब, ह्याला येणी कशी घालायची? पाव हाय का नवरी हाय?"

यावर पोरीने सरळ त्याच्याकडे पाठ फिरवली. आईने दुपारीच तिची तेल लावून तीनपेडी वेणी घातली होती. बेकरीवाल्याने ती वरपासून खालपर्यंत नीट पाहिली, "जरा डावीकडं वळा ताई," म्हणाला, आणि हाताला पीठ लावलं. भट्टीपाशी काम करणारी दोन माणसं हसून हसून खाली बसली.

संध्याकाळी बहिणीच्या ओट्यावर दोन निरांजनं लागली. पोरीने मोबाइलमध्ये बघून कसलीशी ओळ अडखळत वाचली आणि डोळ्यांवर हात धरले. आईने सवयीने हात जोडले. जेवणानंतर पोरगी घाईने म्हणाली, "आजी, फुंकायचा न्हाय ह्यो."

"आमी तरी कुठं फुंकतो?" आई म्हणाली.

शनिवारी आम्ही चालत सभागृहात गेलो. पोरीचा चेहरा पांढरा पडला होता. तिने नदी दाखवली, पूल दाखवले, मिरचीपूड दाखवली. टाळ्या मिळाल्या. मग ती थांबली. पुढचा फोटो नव्हता. मला वाटलं, संपलं, आता उतरेल. बायकोने माझ्या मनगटात नखं रुतवली.

"आन मी ज्यू हाय," ती म्हणाली.

पहिल्या रांगेत पटकेवाले एक तात्या बसले होते. त्यांनी कानाला हात लावून मोठ्याने विचारलं, "जू? मानंवर असतंय त्ये?"

त्यांना बैलाच्या मानेवरचं जू म्हणायचं होतं. पोरीला त्यातला 'मान' हा एकच शब्द कळला. तिला वाटलं, तात्यांना तिची साखळी दिसली. क्षणभर तिने गळा झाकला. मग हात काढला, चांदणी कुडत्याच्या बाहेर ओढली, सगळ्यांना दिसेल अशी धरली आणि म्हणाली, "व्हय. मानंवरच हाय. पर जड न्हाय."

काय हशा पिकला! तात्या तर मांडीवर थाप मारून मारून हसले. शेवटी आई उभी राहिली आणि तात्यांकडे वळून म्हणाली, "बैलाचं न्हवं ओ! त्यांच्यात शनवार पाळत्यात. उपास न्हाय करत, ग्वाड खात्यात."

"मग आमाला बी घ्या त्यांच्यात," तात्या म्हणाले.

पोरगी आणखी दहा मिनिटं बोलली. प्रश्न आले, त्यांतल्या दोहोंची उत्तरं तिला आली. तिसऱ्याला ती बेधडक म्हणाली, "ठावं न्हाय. शिकून सांगती." कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. बाहेर आल्यावर तिने साखळी परत आत टाकली नाही. घरापर्यंत ती चालली कमी आणि तिने उड्या जास्त मारल्या. आई मागून ओरडत होती, "अगं, आज काम न्हाय ना करायचं? मग ह्ये काय चाललंय?" रात्री तिचा शनिवार संपल्यावर तिने घरी फोन लावला. तिची आई आधी रडली, मग चांदणी कॅमेऱ्याजवळ धर म्हणाली. तात्यांनी नेमकं काय विचारलं होतं, ते मी पोरीला त्यानंतर सांगितलं. हसता हसता ती पलंगावरून घसरली.

पावांचे पैसे राहिले होते. शुक्रवारी गडबडीत मी दिले नाहीत आणि शनिवारी तिने मलाही देऊ दिले नाहीत. रविवारी सकाळी आम्ही दोघं बेकरीत गेलो. दोन पावांचे एकशे साठ रुपये झाले होते. मी पाकीट काढलं तर तिने माझा हात मागे सारला आणि स्वतःच्या खर्चाच्या पैशांतून शंभर, पन्नास आणि दहा अशा नोटा मोजून ठेवल्या. बेकरीवाल्याने दीडशे गल्ल्यात टाकले आणि दहाची नोट तिला परत दिली. म्हणाला, "एका पावाची येणी भट्टीत सुटली हुती, ताई. त्येचं कापलं."