जिवंत गायकाची गाथा

आयुष्यात माझ्या हातून चुका पुष्कळ झाल्या. परंतु एका धडधाकट माणसाला मीच वैकुंठाला धाडावे आणि त्याच्या श्रद्धांजलीचा विधीही मीच यथासांग पार पाडावा, असे एकदाच घडले. चहा घ्या, गार होतो आहे. सांगतो.

दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. आम्ही जर्मनीत, डार्मश्टाटला, मुलाकडे सहा महिने राहायला गेलो होतो. आम्ही म्हणजे मी, माझे देव, टाळांची जोडी आणि पंचवीस कॅसेटी. कॅसेटी माझ्याच प्रवचनांच्या. मी शाळेतून निवृत्त झालो तेव्हा आमच्या भजनी मंडळाने 'निवडक प्रवचने' या नावाने त्या काढल्या होत्या. वेष्टनावर माझे छायाचित्र, गळ्यात सत्काराचा हार. प्रत्येक कॅसेट नव्वद मिनिटांची. तिथल्या विद्यापीठात शिकणाऱ्या मराठी मुलामुलींना मी त्या वाटत असे. मुले संस्कारी, नको कोणी म्हणत नसे. ऐकली, असेही कोणी म्हणत नसे.

येत्या रविवारी एकादशी होती. आठ-दहा विद्यार्थी घरी येणार, तासभर भजन होणार आणि मग माझे प्रवचन, असे ठरले होते. अडचण एकच: खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आमच्या घरमालकीण, वेबरबाई. त्या देशात रविवारी शांतता पाळतात. भिंतीत खिळासुद्धा ठोकायचा नाही. माझ्या पहाटेच्या काकड आरतीबद्दल बाईंनी पहिल्याच आठवड्यात आमच्या दाराला चिठ्ठी लावली होती. मुलाने ती मला अर्धीच वाचून दाखवली आणि उरलेली घडी करून खिशात घातली. तेव्हा रविवारच्या भजनाला बाईंची अनुमती हवी होती. नाही म्हणाल्या असत्या तर भजन बुडाले असते, आणि प्रवचनही.

बुधवारी सकाळी कामावर निघताना सूनबाईंनी, म्हणजे मृणालने, माझ्या हाती एक सीडी ठेवली.

"बाबा, ही वेबरबाईंची. दुपारी त्यांना परत द्या, आणि देता देता रविवारचं विचारून टाका. हा त्यांचा फार लाडका गायक आहे."

दुपारपर्यंत वेळ होता. परवस्तू परत करण्यापूर्वी ती काय आहे हे जाणून घ्यावे, म्हणून मी चष्मा लावून बसलो.

डबी काळीभोर. वर एका इंग्रज गृहस्थाचा करडा चेहरा, नजर खाली झुकलेली. नावाखाली दोन साले आणि मध्ये आडवी रेघ. आत जाडशी पुस्तिका. खाणीत राबणारे वडील, चर्चच्या गायनवृंदात लागलेला कोवळा गळा, मित्रांबरोबर काढलेला वाद्यवृंद, त्याची फाटाफूट, मग एकट्याने मिळवलेली कीर्ती, मधला काही वर्षांचा अज्ञातवास, पुन्हा परतणे. सारे भूतकाळात लिहिलेले. शेवटी सहकाऱ्यांनी सांगितलेल्या आठवणी. आणि सोबत त्याच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यांचा क्रमवार संग्रह.

दोन गाणी ऐकलीही. गळा आर्त होता. कोणा प्रिय व्यक्तीला परत ये म्हणून विनवीत होता. विरहिणीची पदे उभी हयात गाइलेला मी. मला हा गृहस्थ परका वाटेना.

आता तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही काय समजला असता? आपल्याकडे संत हयात असतात तेव्हा वह्या असतात. ते गेल्यावर शिष्य त्या वह्या धुंडाळतात, पदे निवडतात, पुढे चरित्र जोडतात, आठवणी जोडतात, आणि मग गाथा होते. इथे तर गाथा बांधून तयार होती. एक शंका मात्र आली. त्या दोन सालांची वजाबाकी केली तर गृहस्थ अठराव्या वर्षी गेला असे निघत होते, आणि चेहरा चाळिशीचा होता. पण सालांच्या बाबतीत आपल्या विद्वानांत तरी कुठे एकमत आहे?

मी खिडकीतून डोकावलो. खाली अंगणात वेबरबाई काळ्या पोशाखात उभ्या होत्या आणि रुमालाने डोळे टिपत होत्या. उरलीसुरली शंकाही मिटली.

अशा दुःखी बाईला नुसती सीडी कशी परत द्यायची? मुलाच्या कपाटात प्रवाशांसाठीचे जर्मन पुस्तक होते. त्यात सांत्वनाचे दोन शब्द सापडले: 'माइन बायलाइट'. म्हणजे आपल्या दुःखात मी सहभागी आहे. ते वीस वेळा घोकले. मृणालच्या बाल्कनीतली सगळी जिरेनियमची फुले खुडून हार केला. बाईंच्या दाराबाहेर जिन्यात एक स्टूल ठेवले, त्यावर सीडी उभी केली, हार घातला, उदबत्ती लावली आणि घंटी दाबली.

बाईंनी दार उघडले. मी हात जोडले. "माइन बायलाइट."

बाई सीडीकडे पाहत राहिल्या. मग हाराकडे. मग उदबत्तीकडे. आमचे संभाषण इंग्रजीत होत असे. पण माझे इंग्रजी शाळेच्या क्रमिक पुस्तकातले आणि त्यांचे त्या गायकाच्या गाण्यांतले. प्रेमभंग सोडून दुसऱ्या विषयावर त्यांना फारसे बोलता येत नसे.

"ही इज गॉन?" त्यांनी विचारले.

मला वाटले, दुःखात माणूस तेच तेच पुन्हा विचारतो. मी गंभीरपणे मान हलवली. बाई तिथेच पायरीवर बसल्या. मी बाजूला बसून संथ स्वरात एक अभंग म्हटला. रविवारचा विषय काढण्याची ती वेळ नव्हती, एवढे तारतम्य मला होते.

पुढचे माझ्या हातात राहिले नाही. बाईंनी मैत्रिणींना फोन केले. संध्याकाळी मृणाल घरी आली तेव्हा जिन्यात चार जर्मन स्त्रिया काळ्या वस्त्रांत बसल्या होत्या, स्टुलावर मेणबत्ती जळत होती, आणि मी तिसऱ्या अभंगावर होतो.

तिने मला वर नेले.

"बाबा, तो गेला हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? गाथा निघाली ना त्याची."

"बाबा, तो शनिवारी फ्रँकफर्टला गाणार आहे. या चौघींची तिकिटं काढलेली आहेत. नावाखालची ती सालं त्याच्या गाण्यांची आहेत, जन्ममरणाची नाहीत."

"मग बाई सकाळी रडत का होत्या?"

"झाडांचे पराग उडतात आता. दर वसंतात डोळे वाहतात त्यांचे." मग बाल्कनीकडे पाहून म्हणाली, "आणि माझी फुलं?"

ती खाली गेली. मी देवांपुढे बसलो. रविवारचे भजन गेले, हे मी धरूनच चाललो होतो. जिन्यातून बराच वेळ आवाज येत राहिले. त्यांत हसणे आहे की संताप, हे कळायला माझे जर्मन अपुरे होते. मृणाल परतली ती निरोप घेऊन. संतांच्या गाथांचे सारे तिने बाईंना समजावून सांगितले होते. त्यावर बाई म्हणाल्या होत्या, "म्हणजे तुमच्याकडे निवडक व्हायला आधी मरावं लागतं." भजनाबद्दल त्या विचार करून सांगणार होत्या.

क्षमायाचना म्हणून मी दुसऱ्या दिवशी त्यांना माझी एक कॅसेट नेऊन दिली. त्यांनी वेष्टनावरचे माझे हार घातलेले छायाचित्र निरखले, नाव वाचले, आणि 'निवडक' म्हणजे काय ते विचारून घेतले.

शनिवारी त्या चौघी फ्रँकफर्टला जाऊन आल्या. रविवारी दुपारी अनुमतीचे विचारायला मी जिना उतरलो. बाईंच्या दाराबाहेर तेच स्टूल होते. त्यावर माझी कॅसेट उभी केलेली. पुढे मेणबत्ती, आणि बाजूला एक फूल. दार उघडून वेबरबाई काळ्या पोशाखात बाहेर आल्या, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाल्या, "माइन बायलाइट." चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मग त्यांनी चार बोटे दाखवली, नंतर पाच. चार ते पाच भजन करा. आणि दार लावून घेतले.

मी आनंदाने वर आलो, टाळ काढले. मेणबत्ती तशीच राहिली, हे माझ्या ध्यानी आले नाही.

चारला पाच मिनिटे असताना मृणालने दार उघडले. बाहेर केतकी होती, पीएच.डी. करणारी, प्रत्येक भजनाला न चुकता पुढे बसणारी, माझी सर्वांत निष्ठावंत श्रोती. मी आतल्या खोलीत होतो. मृणाल काही बोलण्याआधीच केतकीचा जड झालेला आवाज आला.

"वहिनी, खाली जिन्यात पाहिलं. विश्वासच बसेना. काका फार चांगले होते हो. अगदी देवमाणूस." मग जरा थांबून, "प्रवचन तेवढं लांबायचं."

मी टाळ घेऊन बाहेर आलो.

त्या दिवशीचे प्रवचन मी सात मिनिटांत आवरले.