सुनेला लावलेली थांबायची सवय

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. भिंतीवरच्या बायकोच्या फोटोलासुद्धा सांगितलेलं नाही — आणि तिला तर रोज सकाळी फूल वाहताना मी गावभरच्या बातम्या देतो. तुम्ही परके आहात, ते एका अर्थी बरं.

मी समुद्राकाठच्या आचऱ्याचा, इंग्रजीचा निवृत्त मास्तर. जन्मभर पोरांच्या चुका काढल्या. अजूनही दुकानाच्या पाटीवर चुकलेलं इंग्रजी दिसलं की हात शिवशिवतो. सून मानसी नर्स आहे, मालवणच्या एका इस्पितळात. माहेर डोंगरातल्या आंबोलीचं. लग्नाला सहा-सात वर्षं होऊन गेली होती, आणि एवढ्या काळात आम्ही दोघं सरळ बोललो किती? आमच्या घरात सून सासऱ्यासमोर खुर्चीवर बसत नाही. काही विचारायचं तर नातीला मध्ये घालायचं — "ओवी, आजोबांका इचार, चाय व्हयी काय?" आजोबा तिथेच, हाताच्या अंतरावर! मग आजोबाही ओवीलाच उत्तर द्यायचे.

अशात तिनं परदेशातल्या नोकरीसाठी इंग्रजीची परीक्षा द्यायचं ठरवलं. लिहिणं-वाचणं तिचं तिनं केलं. बोलण्याच्या भागासाठी मुलगा म्हणाला, बाबा आहेत की घरात. झालं — दुपारी ती ड्युटीवरून आली की पडवीत दोन खुर्च्या समोरासमोर. मी परीक्षक. मी परीक्षेच्या तयारीच्या पुस्तकातला विषय द्यायचा, तिनं मिनिटभर विचार करायचा आणि मग बोलायचं.

आणि ती बोलायला लागली! इंग्रजीत सासरा-सून असं काही नसतंच की काय, कोण जाणे. पाण्याजवळच्या एखाद्या जागेबद्दल विचारलं, तर म्हणाली — लग्नानंतर पहिलं वर्षभर समुद्राच्या आवाजानं मला झोप येत नव्हती, कानात कापूस घालून निजायचे. न आवडणारा पदार्थ? बांगड्याचं तिखलं. अहो, दर बुधवारी माझ्यासाठी करते ती! मी चाटच पडलो. माझ्या घरात ही कोण बाई राहत होती?

त्यानंतर मला पुस्तकातले प्रश्न पुरेनात. पुस्तकात बघतोय असं दाखवून मी मनचे विचारू लागलो. एकदा म्हटलं, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाविषयी सांग. ती हसली. मग म्हणाली — ते चहा पितात आणि कप खाली ठेवतात. चांगला झाला की नाही, ते कधीच बोलत नाहीत. इतकी वर्षं मी त्या रिकाम्या कपाकडे बघतेय. — यावर मी काय केलं? तिचा एक उच्चार सुधारला.

मग एका दुपारी तिनं मालवणीत, थेट मलाच विचारलं, "बाबा, मी आता तयार आसंय मां?"

ती तयार होती. इतकं सहज बोलणारं पोर माझ्या वर्गात कधी बसलं नव्हतं. पण हो म्हटलं असतं तर खुर्च्या आत गेल्या असत्या. आणि पुढे ती, मुलगा, ओवी — सगळीच गेली असती. मी म्हणालो, "अजून नाय. तू घाई करतंस. वाक्य संपला की थांब, एक दम घे, मगे पुढचा बोल."

घाई? कसली घाई! तोंडाला येईल तो दोष काढला मी. मला तिच्या आणखी थोड्या दुपारी हव्या होत्या — की तिनं जाऊच नये असं वाटत होतं? खूप विचार केलाय यावर. दोन्ही होतं.

तिनं परीक्षेची तारीख पुढे ढकलली आणि थांबायला शिकली. कसून शिकली. पणजीला जाऊन परीक्षा देऊन आली. बाकी सगळ्या भागांत उत्तम, बोलण्यात अर्ध्या गुणानं राहिली. थांबत-थांबत बोललं की गुण कापतात, हे मला ठाऊक नव्हतं का? त्या पुस्तकाच्या पहिल्याच पानांत लिहिलं होतं. तिकडच्या इस्पितळानं जागा दुसरीला दिली. "माझाच बोलणा कच्चा," ती मुलाला म्हणाली. मी पेपर वाचत होतो. पुन्हा परीक्षेला बसायला ती तयार झाली नाही.

खुर्च्या आत गेल्याच. चहा पुन्हा ओवीमार्फत येतो.

परवा ओवीची शाळेत भाषणाची स्पर्धा होती. पोरगी पडवीत उभी राहून तयारी करत होती — धडाधड, हातवारे करत, डोळे नुसते चमकत होते. मानसीनं तिला मध्येच थांबवलं. "घाई करू नको गो. वाक्य संपला की थांब, एक दम घे. आजोबांनी माका तसाच शिकवल्यांनी."

ओवीनं माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. पोरगी पहिल्यापासून बोलू लागली, आणि पहिलं वाक्य संपताच थांबली.