शिडावरचा डाग

वडवणीत समुद्र न्हाई. त्यामुळं गल्लीत जहाज बांधायचं ठरलं तवा मी शिलाई मशिनीवर बसल्या बसल्या हसलेच. बांधणार कोण, तर म्हाळूमामा सुतार. ज्या माणसानं जल्मात गोदावरीपुढं पाणी बघितलं न्हाई, तो म्हणं गुराब बांधणार. गुराब म्हंजे मराठ्यांच्या आरमारातलं शिडाचं लढाऊ जहाज, हे मला शहादेवअण्णांनी सांगितलं. अण्णा शिवजयंती मंडळाचे अध्यक्ष. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ते जहाज मिरवणुकीत निघणार होतं, अन् त्याचं शीड शिवायचं काम माझ्याकडं आलं.

मामांचं दुकान माझ्या दुकानासमोर. आयुष्यभर त्यांनी बैलगाड्या केल्या. आता बैलगाडी कोण घेतंय? मोडकी बाज, देवाचा चौरंग, एवढंच काम उरलं होतं. त्यात छातीनं दगा दिला. बीडचा डॉक्टर म्हणाला, फुफ्फुसं गेलीत, आता जपायचं तेवढं जपा. मामांनी हे घरात वनमालामामींनाबी सांगितलं न्हाई, मला सांगितलं. खतीजा तोंडाळ हाय, पण आतलं बाहेर करत न्हाई, असं त्यांचं माझ्याबद्दलचं मत.

एक दिवस म्हणाले, "खतीजा, मला पांढरा सदरा शिव."

"कुणाच्या लग्नाला?"

"फोटो काढायचाय. जहाज झालं की त्याच्यासंगं. भिताडावर लावायला एक तरी बरा फोटो पायजे."

कसला फोटो ते मला कळलं. रागच आला. म्हटलं, "मामा, जायची लई घाई हाय का?"

"घाई न्हाई बाई. पण आधार कार्डावर मी चोरीत घावल्यावानी दिसतो. वनमालानं रोज तेच तोंड बघायचं का?"

मी सदरा शिवला. शिलाई घेतली न्हाई, म्हणून तेच माझ्यावर चिडले.

जहाजाचं चित्र अण्णांच्या मोबाईलमधी होतं. मामांनी ते बघून बघून बांधलं, पण नावं सगळी गाडी-खळ्याची. जहाजाच्या बुडाला साटा म्हणायचे. डोलकाठीला, खळ्यातल्या खांबाला म्हणतात तसं, तिवडा. पुढच्या निमुळत्या टोकाला नाव सापडंना, तर जू म्हणून मोकळे.

अण्णा हसले. "म्हाळूबा, जहाजाला जू नसतं."

"मग वढतं कोण?"

"वारा."

मामांनी एकवार लोंबत्या कापडाकडं बघितलं. जरा वेळानं माझ्याकडं आले अन् हळूच म्हणाले, "खतीजा, कापड चांगलं घे. तेच बैल हाय."

शिवजयंतीच्या आदल्या दिवशी, ऊन कलल्यावर, बाजारतळावर फोटो काढायचं ठरलं. स्टुडिओवाला सुरज कॅमेरा घेऊन आला. मामा दाढी करून, केसाला तेल लावून, नवा सदरा घालून उभे. इतकं उमदं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. पण अण्णांना फ्लेक्ससाठी आधी मंडळाचा फोटो पायजे होता. सगळे जहाजापुढं दाटीवाटीनं उभे राहिले अन् शीड पडलं लोंबत. वाऱ्याचा पत्ताच न्हाई.

"शीड फुगल्याबिगर जहाज वाटंना," अण्णा म्हणाले.

सुरज म्हणाला, "मागून कुणीतरी रेटून धरा."

कोण जातंय मागं? फोटोतली जागा सोडून कुणी हललं न्हाई. शेवटी मामाच निघाले. मी आडवी झाले. म्हटलं, "तुमी कावून? तुमी पुढं उभा ऱ्हावा."

"अगं, ह्यांना अंदाज न्हाई. फाटंल तुझं शीड. ह्यांचा काढू दे, मग माझाच हाय की."

गेले मागं. दोन्ही हात वर करून शीड पुढं रेटलं, अन् खरंच, वारा भरल्यागत दिसायला लागलं. मग अण्णांचा एकट्याचा फोटो, मंडळाचा फोटो, येईल त्या पाहुण्यासंगं फोटो. मागून खोकला ऐकू येत होता. मी म्हटलं, "बास करा की आता." अण्णा म्हणाले, "एक शेवटचा." असे शेवटचे लई झाले. मामा बाहेर आले तवा दिवस बुडाला होता.

सुरजनं कॅमेऱ्यात बघून मान हलवली. "मामा, अंधारला. उद्या मिरवणुकीआधी पयला फोटो तुमचाच."

मामांनी घरी जाऊन सदरा उतरवला, घडी घालून ठेवला. उद्याला मळाया नको म्हणून.

सकाळी मंडळाच्या पोरांनी ट्रॉली लवकरच चौकात नेली. तिथं विजेच्या तारा आडव्या. डोलकाठी तारंला लागणार, म्हणून कुणीतरी मामांच्याच दुकानातनं करवत आणली अन् काठी अर्ध्यात कापली. मामा सदरा घालून आले तवा शीड खाली गोळा होऊन पडलं होतं. सुरज बिचारा कॅमेरा काढून तयार होता. "या मामा, इथं उभा ऱ्हावा."

मामांनी जहाजाकडं बघितलं. "ऱ्हाऊ दे सुरज. मुंडकं न्हाई आता त्याला."

मी भर चौकात अण्णांना नको नको ते बोलले. अण्णा शांतपणे म्हणाले, "खतीजा, तारंला लागून माणूस मेला असता, तर तू काय म्हटली असतीस?" खरं होतं त्यांचं. त्याचाच मला अजून राग हाय.

चैत्रात मामा गेले. तोच सदरा घालून त्यांना नेलं.

वनमालामामी आधार कार्ड घेऊन सुरजकडं गेल्या, संगं मी. सुरजच्या कॉम्प्युटरात फेटा अन् कोट घातलेलं एक धड तयार असतं. गावात कुणीबी मरू दे, तोंड त्याचं अन् धड ते. मामांचंबी तसंच केलं.

मामी म्हणाल्या, "हे कोण?"

"मामाच हाईत."

"त्यांनी जल्मात कोट घातला न्हाई. दुसऱ्याच्या अंगावर त्यांचं तोंड नको लावू बाबा."

मी सुरजला म्हटलं, त्या दिवशीचे जहाजाचे फोटो तरी उघड. त्यानं उघडले. अण्णा, पाहुणे, परत अण्णा. मामींनी त्यातल्या एकाकडंबी बघितलं न्हाई. त्यांनी शिडावर बोट ठेवलं. "हे काय हाय?"

"तो डाग हाय मामी. ऊन मागून होतं, सावली पडली. अण्णा म्हणाले डाग बरा दिसंना, म्हणून फ्लेक्सवर पुसला होता."

मी वाकून बघितलं. माझ्या शिडावर एक डोकं, वर केलेले दोन हात, अन् एका बाजूला उतरलेला खांदा. रंधा मारून मारून मामांचा डावा खांदा तसाच पडलेला होता.

मामींनी त्या उतरलेल्या खांद्यावरनं बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "सुरज, पुढची माणसं काप. एवढंच ठेव." अन् पदर तोंडाला लावून रडल्या. मामा गेल्यापासनं त्या पयल्यांदाच रडल्या. मीबी रडले, लाजायचं काय त्यात.

तेराव्याला अण्णा हार घेऊन आले. भिताडाकडं बघून म्हणाले, "जहाजाचा फोटो लावला, लई चांगलं केलं वहिनी. पण म्हाळूबांचा फोटो कुठं हाय? हार घालायचाय."

मी तोंड उघडणारच होते. मामींनी माझा हात दाबला. "त्यातच हाईत. बघा नीट."

अण्णांनी चष्मा लावला, जवळ गेले, निरखून बघितलं. "मला तर निस्तं शीडच दिसतंय."

"तसंच दिसणार भाऊजी," मामी म्हणाल्या, "तुमी पुढं उभा होता."